ब्याऐंशी अंश

मिस्त्रींनी हौजिंगचं झाकण उचललं, आतली कड बोटाने पुसली आणि म्हणाले, "आत कायच न्हाई, दादा. मोकळं हाय." उद्यमनगरातल्या त्या गल्लीत सकाळचे साडेदहा वाजले होते, शेजारी लेथवर कुणीतरी पुली घासत होतं, त्या आवाजात मला ते धड ऐकूही आलं नाही. मी वाकून पाहिलं. इंजिनाच्या हेडच्या पुढच्या टोकाला वाटीएवढं गोल भोक, भोकाच्या कडेला थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या वाटेतली झडप, बसायची खाच, आणि खाचेत साचलेली गंजाची तांबूस साय. एवढं बघायला आमचा अख्खा तास गेला होता. झाकण धरून ठेवणारे तिन्ही स्टड जाम झालेले. मिस्त्रींनी आदल्या रात्रीच त्यांवर डिझेल सोडून ठेवलं होतं, सकाळी हातोडीने चहूबाजूंनी हलक्या हाताने ठोकलं होतं, तरी शेवटचा नट सुटताना असा किंचाळला की लेथवाल्यानेही मान वर करून पाहिलं. म्हणजे इतक्या वर्षांत इथे कुणाचा पान्हा लागलाच नव्हता.

गाडी आबांची. अँबॅसिडर, मार्क फोर, १९८३ची. आबा जाऊन तीन वर्षं झाली. मधली दोन वर्षं ती मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी होती, तिच्या टपावर आईची वाळवणं पडत होती. गेल्या दिवाळीत मी ती पुन्हा रस्त्यावर आणली आणि पहिलं काम केलं ते तापमानाचा नवा काटा बसवण्याचं, कारण मूळचा काटा कधीच बंद पडला होता. बारीक तांब्याच्या नळीचा, अंश लिहिलेला, बघितल्यावर विश्वास बसावा असा काटा. पण तो वरच चढेना. राजारामपुरीतून निघावं, कावळा नाक्यापर्यंत जावं, तर ५०. हायवेला शिरोलीपर्यंत पळवली तर वाऱ्याने उलट ४५वर. मला वाटलं, काटाच खोटा. त्याचा बल्ब चहाच्या पातेल्यात बुडवून पाहिला, तर पाणी उकळताना बरोबर ९८वर जाऊन थांबला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, इथे पाणी शंभराला नाही, अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. काटा इतका खरा होता. म्हणून शेवटी मिस्त्रींकडे गेलो, आणि ते भोक दिसलं.

त्यानंतर कितीतरी दिवस ते भोक माझ्या डोक्यातून जाईना.

आपल्याकडे गाडी तापली की पहिला सल्ला ठरलेला असतो : थर्मोस्टॅट काढून टाका. कुणीही सांगतं. पंपावरचा पोरगा सांगतो, मागच्या ट्रकचा क्लीनर सांगतो, लग्नात भेटलेला पाहुणा सांगतो. त्यामागचा विचारही सरळ आहे. पाण्याच्या वाटेत एक झडप आहे, ती पाणी अडवते, अडलेलं पाणी तापतं. झडपच नसली तर तापायचा प्रश्नच नाही. ऐकायला पटतं, आणि काढल्यावर गाडी खरंच थंड राहते, म्हणून सल्ला खराही ठरतो. पण त्या झडपेचं काम वेगळंच असतं. पितळी बोंडात मेण भरलेलं असतं; ठरलेल्या उष्णतेला मेण वितळतं, फुगतं, आतली काडी ढकलतं, स्प्रिंग दबते आणि पाण्याला रेडिएटरकडे जायची वाट मिळते. तोवर पाणी इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर अंगात येतं. गाडी किती तापू नये हे थर्मोस्टॅट ठरवतच नाही. ते रेडिएटरचं, पंख्याचं, पाण्याच्या पंपाचं काम. थर्मोस्टॅट एवढंच बघतो की इंजिन अमुक अंशाच्या खाली राहू नये. तो जमीन आहे, छप्पर नव्हे. आम्ही सगळे जन्मभर त्याला छप्पर समजत आलो.

आणि जमीनच काढून घेतली की काय होतं, ते या गाडीत मी लहानपणापासून बघत होतो. काय बघतोय हे मात्र कळत नव्हतं. दर रविवारी सकाळी आबा बोनेट उघडायचे. तेल घालायचं झाकण काढून उलटं करायचे, आणि त्याच्या आत लोण्यासारखा पांढरट थर असायचा. कॉफीत दूध जास्त झाल्यावर येतो तसा रंग. आबा तो चिंधीने पुसायचे, चिंधी घडी करून डिकीत ठेवायचे, झाकण लावायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. मला वाटायचं, सगळ्याच गाड्यांना असं लोणी येतं. आता कळतं की ते तेलात मिसळलेलं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलाच्या टाकीत उतरतं. इंजिन नीट तापलं तर तेलही तापतं, ती वाफ उडून जाते. नाही तापलं तर ती तिथेच थिजते, तेलाशी घुसळली जाते, त्याचा गाळ होतो. वर कार्ब्युरेटरमधून आलेल्या पेट्रोलची थंड सिलिंडरमध्ये पुरती वाफ होत नाही. ते भिंतीवर ओलं बसतं आणि तिथला तेलाचा पातळ पापुद्रा धुऊन नेतं. म्हणजे लोखंडावर लोखंड. गरम झालेली गाडी रस्त्यात उभी राहते, वाफ सोडते, चार माणसं गोळा करते. थंड राहिलेली गाडी काहीही बोलत नाही. ती रोज थोडी थोडी झिजते.

मला त्या अनोळखी माणसाचा राग आला, ज्याने हे केलं होतं. कुठल्या तरी मिस्त्रीने, दहा मिनिटांत, विचार न करता. मनातल्या मनात मी त्याला बरंच बोललो.

गुळाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे आणखी खुपतं. आबांची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. डिसेंबरात ते मला कधीकधी करवीर नाहीतर पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर घेऊन जायचे. पहाटेची थंडी, चुलवाणात चिपाडं टाकणारा जळव्या, काहिलीत खदखदणारा रस, त्यावर येणारी मळी आणि ती काढायला टाकलेला भेंडीचा बुळबुळीत रस. सगळ्यात शेवटी गुळव्या पुढे व्हायचा. ओलं बोट करून तो काकवीचा थेंब गार पाण्याच्या भांड्यात सोडायचा, बोटांत त्याची गोळी वळायचा, गोळी भांड्याच्या पत्र्यावर मारून आवाज ऐकायचा. पुस्तकात बघाल तर गुळाची ती वेळ ११८ अंशांच्या आसपास येते. गुळव्याकडे थर्मामीटर नसायचा, पण त्याने "उतरा" म्हटलं की चार माणसं काहील उचलायला धावायची, त्यात अर्ध्या मिनिटाचाही उशीर चालत नसे. जास्त झाला तर गूळ काळा पडतो, करपतो. कमी झाला तर? तेव्हा काही दिसत नाही. रवा, म्हणजे गुळाची ढेप, छान पिवळा निघतो, भाव चांगला येतो, आणि पहिल्या पावसात तो गोणपाटाच्या आत पाघळायला लागतो. आबा सौद्यात रव्याच्या कडेला अंगठा दाबूनच सांगायचे, "कच्चा हाय. जूनला पाणी सोडेल." आणि तो सोडायचाच. ज्या माणसाला कमी तापलेल्या गुळाची चार महिने आधी चाहूल लागायची, त्याने पस्तीस वर्षं एक न तापणारं इंजिन चालवलं, झाकणाखालचं लोणी दर रविवारी पुसलं, आणि त्याला कळलं नाही? हे काही मला पटेना.

नवा थर्मोस्टॅट घ्यायला गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. स्पेअर पार्टच्या दुकानातला माणूस आधी म्हणाला, "अँबॅसिडरला कशाला? सगळे काढूनच टाकतात." मग म्हणाला, मागवून देतो, पण कितीचा? आकडे तीन होते. या इंजिनाचं घराणं मूळचं इंग्लंडचं. बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सिरीजमधलं १४८९ सीसीचं इंजिन हे. त्याचं थोरलं भावंड एमजीबी नावाच्या स्पोर्ट्स गाडीत होतं. त्या गाडीसाठी कंपनीने सांगितलेले आकडे असे : नेहमीसाठी ८२, उष्ण देशांसाठी ७४, थंड देशांसाठी ८८. वाचून मी विचारात पडलो. कोल्हापूर उष्ण देश आहे का? मे महिन्यात दुपारी अडतीस अंशात दसरा चौकात सिग्नलला उभं राहिलं की आहे. पण डिसेंबरात पहाटे रंकाळ्यावर धुकं उतरतं आणि फिरायला आलेली माणसं मफलर गुंडाळून काठावर उभी राहतात, तेव्हा कुठला उष्ण देश? आणि जून ते सप्टेंबर तर नुसता पाऊस, ओली हवा, पंचविशीच्या आसपासचं तापमान. लांबच्या देशात बसून ज्याने 'उष्ण' हा शब्द लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर आमचा घाटमाथा नसणार.

मिस्त्रींचं मत ठाम होतं. "चौऱ्याहत्तरचा टाका दादा. जुनं इंजिन हाय. लवकर उघडलेलं बरं." मी म्हटलं, मिस्त्री, रेडिएटर चोंदलेला असला तर चौऱ्याहत्तरचा काय आणि ब्याऐंशीचा काय, दोन्ही पूर्ण उघडून बसतील आणि गाडी तापायची ती तापणारच. ते हसले, म्हणाले, "मग आधी रेडिएटर काढू." हे मात्र आम्ही दोघांनी मनापासून केलं. रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्यांचा डाग सोडवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई घालून सफाई, करून घेतलं; एकेका नळीतून पांढरा क्षार कुटून काढल्यासारखा पडला. आमच्या घरच्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं तिच्यात ओतलं गेलं होतं, त्याचाच हा खडू. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या चकत्या काढल्या तर मागच्या सिलिंडरभोवती ओंजळभर गंजाचा चिखल निघाला, नदीकाठच्या गाळासारखा घट्ट. मी तो बोटांनी काढत होतो. चौथ्या सिलिंडरला इतकी वर्षं पाणी नीट शिवलंच नव्हतं. गाडी थंड आणि तिचा एक कोपरा भाजलेला, दोन्ही एकाच वेळी. नवे होज, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्या, नवा बेल्ट, रेडिएटरला सात पौंड दाबाचं नवं झाकण, पाण्यात निम्मं कूलंट. आणि शेवटी थर्मोस्टॅट, मिस्त्रींचा मान राखून, चौऱ्याहत्तरचा.

खरं सांगायचं तर मिस्त्रींचा मान हे निमित्त होतं. भीती मलाही होती. कारण आंबा घाट मलाही आठवत होता.

मे १९८८. मी नऊ वर्षांचा. रत्नागिरीहून परत येत होतो. डिकीत आंब्याच्या पेट्या, मागच्या सीटवर मी आणि आत्या, पुढे आबा, शेजारी आई, आईच्या मांडीवर दोन वर्षांची धाकटी. साखरप्यात गाडी थांबवून आबांनी पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाच्या कुशीला असतो त्या पंपावर, ओलं फडकं गुंडाळलं होतं; त्या काळी घाट चढायच्या आधी सगळेच तसं करायचे, पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडू नये म्हणून. दुपारचे तीन वाजले असतील. निम्मा घाट चढल्यावर बोनेटच्या फटीतून वाफेची रेघ आली. मग गुळचट, तापल्या रबराचा वास. आबांनी गाडी कातळाच्या बाजूला घेतली, बोनेट उघडलं, हातावर टॉवेल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं. पुढचं मी फक्त ऐकलं. कुकरची शिट्टी उडावी तसा आवाज आणि आबांचा एक शब्द, आईला उद्देशून, "मागं!" झाकणाखाली दाबात असलेलं पाणी शंभराच्या वर जाऊनही पाणीच राहतं; दर पौंडामागे दीड-दोन अंश चढतात. झाकण उघडलं, दाब गेला, आणि त्या सगळ्याची क्षणात वाफ झाली. आबांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. एक ट्रकवाला थांबला, त्याने पाण्याचा कॅन दिला, आबांच्या हातावर कसलंसं मलम लावलं. धाकटी रडून रडून निळी पडली होती. मला आंब्यांचा वास नकोसा झाला. आबांनी त्याच हाताने गाडी मलकापूरपर्यंत आणली, दर दोन मैलांवर थांबत. गिअर स्टिअरिंगजवळ डाव्या हाताशी होता म्हणून जमलं, असं नंतर ते सांगायचे.

त्यानंतर आमची गाडी कोकणात कधीच उतरली नाही. आम्ही एसटीने जायचो. मला ते कधी विचित्र वाटलं नाही.

चौऱ्याहत्तरचा थर्मोस्टॅट घालून महिना झाला. काटा आता ७६-७७वर थांबायचा, आधीच्या मानाने पुष्कळच बरं. पण माझं चालवणं म्हणजे घर ते मार्केट यार्ड, चार किलोमीटर, तेही थांबत थांबत. रविवारी झाकण उघडलं तर पांढरी कड दिसतच होती. कमी, पण होती. याच सुमारास अडतीच्या गाळ्यातली आबांची लाकडी पेटी घरी आणली. जुन्या हिशेबपट्ट्या, गंजलेली टाचणी, तराजूचं एक वजन. तळाशी एक पुडी, हिशेबपट्टीच्याच कागदात गुंडाळलेली, वरून सुतळी. सोडली तर आत थर्मोस्टॅट. पितळ काळवंडलेलं, स्प्रिंग शाबूत, आणि बोंडाच्या खाली ठोकलेला आकडा : ८२. कागदावर जून १९८८ची तारीख होती.

मी तो आईपुढे ओट्यावर ठेवला. काही विचारलं नाही. दूध संस्थेत असतो तसला काचेचा लांब थर्मामीटर मी काटा तपासायला आणला होता, तो घेतला, पातेल्यात पाणी ठेवलं. जुन्या माणसांची एक युक्ती आहे : थर्मोस्टॅटची झडप बोटाने जरा उघडून तिच्या फटीत दोरा धरायला लावायचा आणि त्या दोऱ्यावर तो पाण्यात टांगायचा. झडप मिटलेली आहे तोवर ती दोरा दाताखाली धरून राहते. सुटली की थर्मोस्टॅट आपसूक खाली पडतो. चौऱ्याहत्तरचा एक जादा मागवला होता, तोही शेजारी टांगला. पळीवर दोन दोरे, पातेल्याच्या कडेला टेकवलेला थर्मामीटर, गॅस बारीक. आई स्टुलावर बसून बघत होती. साठ. अडुसष्ट. पातेल्याच्या तळाला मोहरीएवढे बुडबुडे चिकटले. ७५ला नवा सुटला, तळावर टण्ण आवाज झाला. आई दचकली. जुना तसाच. ७८, ८०, पाण्याला आता किंचित गुणगुण येत होती. ८२. ८३. मला वाटलं, गेला बहुतेक, छत्तीस-सदतीस वर्षं कागदात पडून मेण मेलं असेल. आणि ८३ आणि ८४च्या मधे, अगदी हळू, आधी दोरा ढिला झाला, मग तो पडला.

"चालतोय की अजून," आई म्हणाली. आणि मग, पाण्याकडेच बघत, "मीच काढायला लावला हुता तो."

मी गॅस बंद केला.

"घाटातनं आल्यावर हातावरचं फडकं बदलताना मी ह्यांना म्हटलं, ही गाडी परत तापली तर मी पोरांना घेऊन हिच्यात बसणार न्हाई. धाकटीच्या अंगावर आलं असतं तर? हे काय बोलले न्हाईत. चार दिवसांनी गाडी घेऊन गेले, आले, म्हणाले, आता तापणार न्हाई. मी म्हटलं, काय केलं? तर म्हणाले, एक पार्ट काढला. जरा जास्त पेट्रोल खाईल. खाऊ दे."

खाऊ दे. म्हणजे त्यांना माहीत होतं. मिस्त्रीने त्यांना सांगितलं असणार, किंवा त्यांनीच मिस्त्रीला. रविवारची ती चिंधी, ते न बोलणं, सगळं माहीत असलेल्या माणसाचं होतं. कच्चा गूळ अंगठ्याने ओळखणारा माणूस जाणूनबुजून कच्चं इंजिन चालवत राहिला, आणि पार्ट मात्र फेकला नाही. आकडा दिसेल असा गुंडाळून, तारीख असलेल्या कागदात, पेटीच्या तळाशी ठेवला. कधीतरी परत बसवायचा म्हणून? की तो फेकवत नव्हता, एवढंच? मला ठरवता येत नाही. ज्या अनोळखी मिस्त्रीवर मी महिनाभर डाफरत होतो, तो निघून गेला आणि त्याच्या जागी माझे आईबाप उभे राहिले, एकाच्या हाताला फडकं बांधलेलं. त्यांच्यावर राग धरता येत नव्हता. इंजिनाची मात्र कीव येत होती, आणि तीही खोटी नव्हती.

"आई, परत घालू का?" मी विचारलं. खरं तर मी तिची परवानगी मागत होतो. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रेडिएटर साफ केलास न्हवं?" एवढंच. मी हो म्हटलं. ती उठून पातेलं घासायला लागली.

मग मी सगळा हिशेब पुन्हा मांडला, या वेळी भीती बाजूला ठेवून. साध्या पाण्याला इथे ९८ची मर्यादा. सात पौंडांच्या झाकणाने ती ११०च्या जवळ जाते, कूलंटने आणखी वर. ८२ला झडप उघडायला सुरुवात होते, पुरती उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. म्हणजे घाटातही हाताशी पुरेसं अंतर उरतं, अट एकच, रेडिएटर मोकळा हवा. चौऱ्याहत्तरने त्यात काही मिनिटांची उसंत वाढते, ताकद वाढत नाही. आणि अठ्ठ्याऐंशी? त्यावर मी फार वेळ घालवला नाही. बर्फातल्या माणसांसाठी तो ठीक. इथे बोनेटखाली उन्हाळ्यात आधीच भट्टी असते, कार्ब्युरेटर मॅनिफोल्डला चिकटून बसलेला, आणि आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं. आमच्याच पंचगंगेच्या काठच्या उसाचं असेल ते, पण त्याच्या स्वभावाशी जुळवून घ्यायला हवंच. उलट थंड इंजिनाला तेच पेट्रोल आणखी जड जातं, कारण इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते. दोन्ही बाजूंनी वाट येऊन ब्याऐंशीपाशीच थांबत होती.

आबांचा थर्मोस्टॅट मी बसवला नाही. त्याने परीक्षा दिली होती, पण घाटात मला नवाच हवा होता. ८२चा नवा मागवला. मिस्त्रींनी तो स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे करून खाचेत ठेवला, वरची हवा सुटायची बारीक पिन बोटाने हलवून पाहिली, नवा गास्केट, तिन्ही नटांना सारखा हात. गाडी सुरू केली आणि आम्ही दोघे काट्यासमोर उभे राहिलो. ५०, ६०, ७०. वरचा होज अजून गार. मिस्त्रींनी त्यावर तळवा ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. ८०. ८५. ८७. माझा श्वास अडकला. "थांबा," मिस्त्री म्हणाले, "आलं." त्यांच्या तळव्याखाली होज एकदम गरम झाला. काटा ८७वरून खाली सरकला, ७९वर गेला. रेडिएटरमधलं गार पाणी आत शिरलं होतं, झडप परत मिटली होती. पुन्हा चढला, ८५. पुन्हा उतरला, ८१. दोनतीनदा असा झोका घेऊन तो ८३-८४च्या मधे स्थिर झाला आणि मग हललाच नाही. इंजिनाचा आवाजही बदलला. त्या गाडीचा आवाज मी चाळीस वर्षं ऐकतोय, आणि असा मऊ, भरलेला आवाज मी तिच्यातून कधी ऐकला नव्हता. किंवा नऊ वर्षांचा होईपर्यंत ऐकला असेन.

महिन्याभरात झाकणाखालचं लोणी गेलं. तेल बदललं. लिटरला आठ देणारी गाडी साडेनऊच्या पुढे द्यायला लागली. मी आईला सांगितलं, तिने मान हलवली.

गेल्या रविवारी ती स्वतःच म्हणाली, "पन्हाळ्याला जाऊया का?" आंबा घाट म्हणाली नाही, मीही म्हणालो नाही. निघताना तिने पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेतल्या. शिवाजी पूल ओलांडला, केर्ली गेलं, वाघबीळला डावीकडे वळलो आणि चढ लागला. सेकंड गिअर, समोर एक एसटी, तिचा काळा धूर. आईच्या पायाशी एक बाटली, दुसरी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, जिथे १९८८ साली धाकटी होती. तिची नजर रस्त्यावर नव्हती, काट्यावर होती.

"किती?"

"पंच्याऐंशी."

एक वळण.

"आता?"

"अठ्ठ्याऐंशी."

"वाढलं की."

"चढ आहे ना. एवढं वाढतं. थांबेल."

बुधवार पेठेच्या वळणाला एसटीने वाट दिली, गाडीला वारा लागला, काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला, मग सत्त्याऐंशी. आईने तो खाली येताना पाहिला. तिने काही म्हटलं नाही. खिडकीची काच आणखी खाली घेतली, मांडीवरच्या बाटलीचं झाकण फिरवलं, आणि दोन घोट पाणी प्यायली.